शिक्षकाने वर्गातील आपली भाषा कशी तपासावी आणि कशी बदलावी

पाठ टाचणात आपण काय शिकवणार हे लिहिलेले असते; ते शिकवताना आपल्या तोंडून कोणते शब्द येणार हे मात्र त्यात कुठेच नसते. मुले घटकाबरोबर तेही शब्द शिकतात, आणि चुकणे ही लाजेची गोष्ट आहे की कामाची, प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाचा, हे त्यांना त्यातूनच कळते. म्हणून सुरुवात स्वतःला ऐकण्यापासून करावी. एका तासिकेचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि ऐकताना दोनच गोष्टी वहीत उतरवाव्यात: प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबलो, आणि उत्तर आल्यावर आपला पहिला शब्द कोणता होता.

थांबण्याचा वेळ पाहून बहुतेकांना धक्का बसतो. अमेरिकेतील विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकातील आपल्या अभ्यासात दिसले, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात. तो वेळ ३ सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे अधिक मोठी झाली, निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले आणि मुले स्वतःही प्रश्न विचारू लागली. ३ सेकंद वाचायला क्षुल्लक वाटतात, पण वर्गासमोर उभे राहून ते काढणे खरोखर कठीण असते. त्या वेळात प्रश्न पुन्हा विचारू नये, सोपा करू नये, मनातल्या मनात आकडे मोजावेत. उत्तर आल्यावरही तेवढेच थांबावे, कारण पुष्कळदा मूल खरे कारण दुसऱ्या वाक्यात सांगते.

त्यानंतरचा आपला पहिला शब्द सर्वांत महत्त्वाचा. समजा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "एक चतुर्थांश, कारण चार तीनपेक्षा मोठे." "चूक. दुसरं कोण सांगेल?" असे म्हटले की ती खाली बसते, आणि बाकीचा वर्ग तिच्या विचाराकडे न पाहता हात वर करतो. त्याऐवजी, "चार तीनपेक्षा मोठे आहेत, हे खरं. आता एका कागदाचे सारखे तीन भाग कर आणि तेवढ्याच दुसऱ्या कागदाचे सारखे चार. कुठला तुकडा मोठा दिसतो?" असे म्हटले, तर चूक झाकली जात नाही, पण ती सगळ्या वर्गाने तपासून पाहायची गोष्ट होते. या लेखातील बाकीच्या सूचना विसरल्या तरी चालतील, ही विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

कौतुकही जपून करावे. मानसशास्त्राच्या अभ्यासक क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीबद्दल वाखाणलेली मुले पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर नाउमेद झाली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटीने टिकली. मात्र "छान प्रयत्न" एवढेच सारखे म्हटले तर तेही पोकळ होते. "आकृती काढलीस, म्हणून चूक तुझी तुलाच सापडली," असे नेमके सांगावे.

मूल गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही, असे धरू नये. भाषा आणि समाज यांच्या अभ्यासक शर्ली ब्राइस हीथ यांना अमेरिकेतील कॅरोलिना भागातल्या एका कृष्णवर्णीय कामगार वस्तीत आढळले, की विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न तेथे घरी मुलांना क्वचितच विचारले जात. शाळेत मात्र तसेच प्रश्न येत आणि मुले बोलत नसत. शिक्षकांनी "हे कशासारखं आहे?" अशा, मुलांच्या ओळखीच्या धाटणीच्या प्रश्नांनी सुरुवात केल्यावर ती बोलू लागली. घरच्या बोलीतील शब्दालाही "अशुद्ध" म्हणू नये. तो फळ्यावर लिहावा, शेजारी पुस्तकातला शब्द लिहावा आणि कोणता कुठे वापरतात हे मुलांनाच विचारावे.

एका वेळी एकच सवय बदलावी. महिनाभराने पुन्हा ध्वनिमुद्रण करावे, पण या वेळी स्वतःचे नव्हे, गटात काम करणाऱ्या मुलांचे. चुकलेल्या सोबत्याला ती "गप रे, तुला येत नाही," असे म्हणतात की "तुला तसं का वाटलं?" असे विचारतात, ते ऐकावे.