कुर्डी-साळावलीला येताय? मग या चुका टाळा

परवा परत एक मेसेज, "डिसेंबरात गोव्यात येतोय, ते पाण्याखालचं गाव बघायचंय, लोकेशन पाठव." लोकेशन पाठवून काय करू, डिसेंबरात कुर्डीवर साळावली धरणाचं पाणी असतं! 1986 च्या सुमाराला गाव धरणात गेलं आणि आता ते वर येतं ते उन्हाळा संपता संपता, मे महिन्यात. त्यातही पाणी किती उतरेल ते दरवर्षी सारखं नसतं, म्हणून निघायच्या आधी जवळच्या सांगे गावात कुणाला तरी फोन करून विचारा, जुन्या फोटोंवर जाऊ नका.

दुसरा घोळ देवळांचा. कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ दगड न् दगड सोडवून धरणाजवळ परत उभं केलंय, ते बाराही महिने बघता येतं. गावात आहे ते सोमेश्वराचं. मॅपवर महादेव मंदिर टाकलं तर गाव सापडणार नाही.

आता गाळ. वरून वाळून भेगा पडलेला असतो, सिमेंटसारखा कडक वाटतो, पण पाण्याच्या काठाकडे खाली लोणी असतं नुसतं. पाय रुतला तर जोर लावून ओढू नका, दुसरा पाय अजून आत जातो. मागे टेकून बसा आणि पाय हळूहळू हलवत सैल करा. वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर गाडी खाली उतरवूच नका, लांब ठेवून चालत जा. सावली नाही, दुकान नाही, पाणी घरून न्या.

पावसाळ्यात लोक धरण भरून ओसंडताना बघायला येतात, आणि खरंच बघण्यासारखं आहे, सांडवा बदकाच्या चोचीच्या आकाराचा, पाणी कडेवरून आत कोसळतं. पण जूनच्या पहिल्या सरीत येऊन निराश होऊ नका, भरायला वेळ लागतो, साधारण जुलै धरा. हिवाळ्यात आलात तर बागेतून तुडुंब धरण बघा आणि पुढे नेत्रावळीला बुडबुड्यांच्या तळीवर जा, पायरीवर नुसतं शांत बसलात तरी तळातून बुडबुडे वर येताना दिसतात.

आणि एक मनापासून सांगते, तिथून जांभ्याचा तुकडासुद्धा उचलून आणू नका. शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म 1904 सालचा, याच गावचा, त्यांच्या घराच्या भिंती अजून दाखवतात लोक. मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला गाव बुडताना वाडें आणि वालकिणीला वसवलेली इथली माणसं परत येतात. एकदा एक आजी जोत्यावर चढून नातवाला सांगत होत्या, "हांगा चूल आशिल्ली" (इथे चूल होती), आणि दोन पोरं त्याच जोत्यावर उड्या मारत रील काढत होती. आजी गप्प झाल्या आणि पदराने तुळशीच्या दगडावरचा गाळ पुसायला लागल्या. तिथे कुणी असं उभं दिसलं तर कॅमेरा खाली करा, आणि बोलावंसं वाटलं तर आधी विचारा, "तुमचं घर खंय (कुठे)?"