वायरलेस इंटरकॉम बेल्टपॅक: ‘रेंज नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

कार्यक्रम रंगात आला की टॉकबॅकवर हमखास कुणीतरी म्हणतं, ‘माझा पॅक कट होतोय.’ (टॉकबॅक म्हणजे क्रूची आपसात बोलायची लाइन, आणि पॅक म्हणजे त्यासाठी कमरेला लावायचा, हेडसेट जोडलेला छोटा वायरलेस संच.) त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘रेंज नाही.’ मग कुणीतरी अँटेना उचलून दुसरीकडे ठेवतं, आणि आतापर्यंत ठीक चाललेले दोन पॅक तुटायला लागतात.

म्हणून आधी तीन गोष्टी विचारा. त्रास एकाच पॅकला आहे की सगळ्यांना? एका ठरावीक जागीच होतो की कुठेही? आणि दिवसभर होतो की प्रेक्षक आल्यावर सुरू झाला? एकच पॅक रडत असेल तर अँटेनाला हात लावू नका, दोष बहुधा पॅकमध्ये, बॅटरीत किंवा हेडसेटमध्ये आहे. जागा ठरलेली असेल तर अँटेनाचं बघा. वेळ ठरलेली असेल तर हवेत नवीन काय आलं ते शोधा.

अँटेना रॅकमध्येच ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बेस स्टेशन, म्हणजे सगळे पॅक ज्याला जोडले जातात ते मुख्य यंत्र, अँटेनासकट साउंडच्या रॅकमध्ये, रॅक टेबलाखाली, टेबल एलईडी वॉलच्या मागे. रिकाम्या सभागृहात हे चालूनही जातं आणि तिथेच फसगत होते.

हे पॅक बहुतेक १.९ किंवा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. एवढ्या फ्रीक्वेन्सीच्या लहरींची लांबी जेमतेम १२ ते १६ सेंटिमीटर असते आणि पाणी त्यांना शोषून घेतं. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त. त्यामुळे खुर्च्या भरल्या की प्रेक्षकांच्या उंचीवर ठेवलेल्या अँटेनासमोर भिंतच उभी राहते. अँटेना डोक्यांच्या वर हवी, साधारण तीन मीटर किंवा जास्त, आणि जिथे लोक काम करतात तिथून ती दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सिग्नल परावर्तनाच्या भरवशावर आहे असं समजा. एलईडी वॉलच्या धातूच्या चौकटीतून काही पलीकडे जात नाही. वॉलच्या मागे माणसं काम करणार असतील तर तिथे वेगळी अँटेना लागेल.

पॅक घालणाऱ्याचं शरीरही आडवं येतंच. कॅमेरामन अँटेनाकडे तोंड करून उभा आणि पॅक त्याच्या पाठीशी, अशा वेळी त्याचा आवाज तुटला तर पॅक कमरेच्या बाजूला सरकवून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

ट्रसच्या (दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याच्या) नळीला अगदी चिकटवून अँटेना बांधणं, वायफाय राउटर किंवा वायरलेस व्हिडिओच्या ट्रान्समीटरशेजारी ठेवणं, या त्याच जातीच्या चुका. आणखी एक म्हणजे ताकद दुप्पट होईल या आशेने दोन अँटेना एकाच खांबावर शेजारीशेजारी लावणं. तसं केल्याने पोहोच वाढत नाही. रोमिंगच्या सिस्टिममध्ये पॅक एका अँटेनाकडून दुसरीकडे जातो. त्यासाठी दोघींची क्षेत्रं थोडी एकमेकांवर यावी लागतात. दारं, जिने, विंगेचे कोपरे इथे ती नीट जुळतात का, हे चालूनच कळतं.

सिग्नल पूर्ण, तरी जोडणी नाही

यात भलेभले गोंधळतात. प्रत्येक अँटेनावर ठरावीक पॅकच बसतात. क्लिअर-कॉमच्या फ्रीस्पीक टूच्या १.९ गिगाहर्ट्झ ट्रान्सीव्हरवर, म्हणजे त्यांच्या अँटेनावर, पाच, रीडेलच्या बोलेरोच्या अँटेनावर दहा. मध्यंतरात सगळा क्रू एकाच विंगेत जमला की तिथली अँटेना भरते आणि पुढच्याला जागाच मिळत नाही. तो अँटेनाखाली उभा राहून ‘रेंज नाही’ म्हणतो. त्यामुळे किती अँटेना लागतील याचा हिशेब जागेच्या क्षेत्रफळाबरोबर गर्दीवरूनही करा. जिथे सगळे जमणार तिथे जास्तीची द्या.

हवेत दुसरं कोण आहे हे न विचारणं

१.९ गिगाहर्ट्झच्या बहुतेक सिस्टिम डेक्ट या कॉर्डलेस फोनच्या पद्धतीच्या असतात. यात १० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये २४ स्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे, असतात, १२ जाण्याचे आणि १२ येण्याचे. पॅक मोकळा स्लॉट स्वतः शोधतो, म्हणून तुम्हाला चॅनेल निवडावं लागत नाही. पण स्लॉट अमर्याद नाहीत. युरोपमध्ये हा पट्टा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०, म्हणजे जागा निम्मीच. एका प्रदेशासाठी बनवलेली सिस्टिम दुसरीकडे सुरू करणं बेकायदा ठरू शकतं. मागवलेली सिस्टिम कुठल्या प्रदेशाची आहे हे बॉक्स उघडल्यावर सर्वांत आधी तपासा.

त्याच जागी दुसऱ्या टीमचा डेक्ट इंटरकॉम, डेक्टचे कॉर्डलेस फोन किंवा वायरलेस माइक असतील तर स्लॉट वाटून घ्यावे लागतात. दोन सिस्टिमची घड्याळं जुळलेली नसतील तर त्यांचे स्लॉट हळूहळू सरकत एकमेकांवर येतात. दर काही वेळाने टकटक आवाज येतो, मग आपोआप थांबतो, मग पुन्हा येतो. दोन्ही सिस्टिम सिंक करता येत असतील तर करा. नाहीतर अँटेना एकमेकांपासून दूर न्या.

२.४ गिगाहर्ट्झची गोष्ट वेगळी. तिथे वायफाय आणि ब्लूटूथ आधीच बसलेले असतात आणि प्रेक्षकांच्या खिशातून शेकडो फोन येतात. तालमीत स्वच्छ, शोमध्ये तुटक, असं झालं की संशय इथेच घ्यावा. वायफायची १, ६ आणि ११ ही चॅनेलं एकमेकांवर येत नाहीत. नेटवर्क सांभाळणाऱ्याला गाठून त्यातलं एक मोकळं ठेवायला सांगा आणि पॅकची सिस्टिम सोय देत असेल तर तिला त्याच भागात बसवा. हे बोलणं आदल्या दिवशी होतं, शोच्या वेळी कुणी राउटर बंद करत नाही.

हेडसेट बसला म्हणजे चालला असं नाही

चार पिनांचा एक्सएलआर कनेक्टर बघून कुठलाही हेडसेट कुठल्याही पॅकला लावतात. नेहमीच्या मांडणीत १ आणि २ या पिना माइकच्या, ३ आणि ४ इयरफोनच्या. पण काही कंपन्यांच्या हेडसेटला नर कनेक्टर असतो, काहींना मादी. आणि माइक डायनॅमिक आहे की इलेक्ट्रेट हे तर बाहेरून दिसतच नाही. इलेक्ट्रेटला पॅककडून थोडं व्होल्टेज लागतं. ते सेटिंग बंद असेल तर आवाज येतच नाही किंवा अगदी क्षीण येतो, आणि दोष रेडिओला दिला जातो. तपासायची सोपी रीत: दोघांनी फक्त हेडसेट बदलावेत. त्रास हेडसेटबरोबर गेला की निदान झालं.

माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटांच्या अंतरावर. हनुवटीखाली किंवा कपाळावर चढवलेला नॉइज कॅन्सलिंग माइक बोलणाऱ्यालाही दूरचा गोंगाट समजून दाबतो. कुणी सतत ओरडून बोलत असेल तर त्याचा साइडटोन, म्हणजे त्याच्याच कानात येणारा त्याचा आवाज, वाढवून द्या. स्वतःचा आवाज कानात आला की माणूस आपोआप हळू बोलतो.

टॉक बटण उघडं ठेवणं

प्रत्येक उघडा माइक आपला आजूबाजूचा आवाज चॅनेलवर ओततो. आठ जणांनी बटण लॅच करून, म्हणजे न धरता सुरूच, ठेवलं की डायरेक्टरला आठ ठिकाणचे ढोल, पंखे आणि खोकले एकत्र ऐकू येतात. मग तो आवाज वाढवतो आणि सगळ्यांचे कान दुखतात. लॅच फक्त सतत बोलणाऱ्याला द्या, बाकीच्यांचे पॅक दाबून धरल्यावरच बोलता येईल असे लावा. बेस स्टेशनवर सगळे माइक बंद करण्याची सोय असेल तर ती कुठे आहे हे एकापेक्षा जास्त लोकांना माहीत हवं. ‘कोणाचा माइक उघडा आहे?’ हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण ज्याचा आहे त्याने हेडसेट काढून ठेवलेला असतो.

वायरच्या सिस्टिमला जोडताना

जुन्या दोन वायरच्या पार्टीलाइनला (सगळे एकाच लाइनवर बोलतात तो वायरचा इंटरकॉम) वायरलेस जोडला आणि प्रतिध्वनी आला, तर नल, म्हणजे परत येणारा आपलाच आवाज रद्द करणारी जुळवणी, नीट झालेला नाही. सगळे वायरचे स्टेशन जोडून, माइक बंद ठेवून नल करा. नंतर केबल किंवा स्टेशन बदललं तर पुन्हा करा. लाइनचं टर्मिनेशन (लाइनला लावायचा ठरावीक रोध) एका चॅनेलला एकच हवं.

बॅटरी, फर्मवेअर आणि चाचणी

शोच्या दिवशी फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करू नका, एवढंच. बेस नवा आणि दोन पॅक जुने राहिले की ते जोडले न जाण्याची शक्यता असते. भाड्याने आणलेले पॅक आधीच्या बेसशी नोंदलेले असू शकतात, म्हणून सगळे पुन्हा नोंदवा आणि क्रमांक लावा. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या पॅकमध्ये नवे-जुने सेल मिसळू नका. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, पॅकमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो निवडा, नाहीतर बॅटरीचा आकडा खोटं बोलेल.

चालून तपासताना एलईडी वॉल, वायफाय, वायरलेस माइक सगळं सुरू ठेवा. पॅक हातात उंच धरून फिरू नका, कमरेला लावा आणि अँटेनाकडे पाठ करूनही चाला. ‘हॅलो, हॅलो’ म्हणण्याऐवजी आकडे मोजा. ऐकणाऱ्याला सतरा नंतर एकोणीस ऐकू आलं, की नेमकं कुठे तुटलं ते त्याच क्षणी कळतं आणि त्या जागी जमिनीवर टेप लावता येते.

शो संपल्यावर पॅक गोळा करणाऱ्याने प्रत्येक पॅक बंद झाला का हे बघूनच पेटीत टाकावा. लॅच केलेला एक पॅक पेटीत गेला की आवराआवरीच्या टीमला टॉकबॅकवर तासभर पेटीतली खडखड ऐकावी लागते.