एफटीपीचे लॉगिन होते, पण फाइलींची यादी येत नाही तेव्हा

एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याचा प्रोटोकॉल. त्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे एक तक्रार नेहमी येते. पासवर्ड स्वीकारला जातो, पण फाइलींची यादी मागितली की क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याकडचा प्रोग्राम, ताटकळत राहतो आणि शेवटी जोडणी तुटते. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नये, कारण दोष बहुधा दुसऱ्या जोडणीत असतो.

एफटीपी आज्ञांसाठी पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे संगणकावरचे जोडणीचे क्रमांकित दार) एक जोडणी ठेवते आणि प्रत्येक यादीसाठी किंवा फाइलीसाठी वेगळी जोडणी उघडते. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर स्वतः क्लायंटकडे करू पाहतो, आणि राउटर किंवा फायरवॉल तिला दारातच अडवतो. (अभय भूषण यांनी १९७१ मध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला तेव्हा नॅट, म्हणजे खासगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी राउटरची सोय, नव्हतेच, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही.)

म्हणून आधी क्लायंट पॅसिव्ह पद्धतीवर आणावा, म्हणजे दुसरी जोडणीही तोच सर्व्हरकडे उघडेल, आणि त्याच्या लॉगमध्ये २२७ या आकड्याने सुरू होणारे सर्व्हरचे उत्तर शोधावे. समजा, त्यात १९२,१६८,१,१०,१९५,१४९ असे सहा आकडे आहेत. पहिले चार म्हणजे पत्ता. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला की पोर्ट मिळतो, येथे ५००६९. खरी गोम पत्त्यात आहे, कारण १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खासगी असल्याने बाहेरचा क्लायंट तिथवर पोहोचूच शकत नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सार्वजनिक पत्ता द्यावा, पॅसिव्ह पोर्टांसाठी ५०००० ते ५०१०० असा मर्यादित पट्टा ठरवावा, आणि नेमका तोच पट्टा फायरवॉलमध्ये उघडून राउटरवरून सर्व्हरकडे वळवावा. चाचणी मोबाइल डेटावरून घ्यावी. ऑफिसच्या आतून सारे सुरळीत दिसते आणि फसगत होते.

टीएलएस, म्हणजे जोडणीची कूटबद्धता, सुरू करताच चालते काम बंद पडले, तरी उपाय हाच आहे. काही फायरवॉल आज्ञांची जोडणी वाचून लागेल तो पोर्ट तात्पुरता उघडतात, पण ती कूटबद्ध झाल्यावर त्यांना काहीच वाचता येत नाही. यावर कूटबद्धता काढून टाकणे म्हणजे पासवर्ड उघड्यावर पाठवणे होय.

निवड आपल्या हाती असेल, तर मी एसएफटीपीच घेईन. नाव सारखे असले तरी तो एसएसएचवर, म्हणजे दूरच्या संगणकाशी होणाऱ्या कूटबद्ध जोडणीवर, चालणारा निराळा प्रोटोकॉल आहे, आणि पोर्ट २२ वरची एकच जोडणी त्याला पुरते. जुन्या स्कॅनरला केवळ एफटीपीच कळत असेल, तर त्याची वाहतूक अंतर्गत नेटवर्कबाहेर जाऊ देऊ नये.