भातात सुरळ्या तरंगतायत? औषधाआधी पाणी काढा

लावणी होऊन दोन-तीन आठवडे झालेत त्यांनी आज खाचरात एक चक्कर माराच. पानांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे दिसतायत, पानांवर पांढरे पट्टे आणि पाण्यावर साधारण दीड सेंटिमीटरच्या हिरव्या-पिवळ्या सुरळ्या तरंगतायत, असं असेल तर ती सुरळीतली अळी आहे. पाणी साचून राहणाऱ्या सखल खाचरात ही जास्त.

हिचं सगळं आयुष्य पाण्याशी बांधलेलं आहे आणि आपला उपाय पण तिथेच सापडतो. पांढरा छोटा पतंग रात्री येऊन पाण्याला टेकलेल्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालतो, अळी निघाली की पानाचा तुकडा कापून गुंडाळून त्यात राहते, पानाचा हिरवा गर खरवडून खाते, आणि वाढताना आधीची सुरळी अपुरी पडली की नवीन करते, म्हणजे परत एक शेंडा गेला. अंगावर बारीक धाग्यांसारखे कल्ले असतात, त्यातून ती श्वास घेते, म्हणून सुरळीत पाणी लागतंच. पाणी काढलं की ती तग धरत नाही.

पण हे अळी असतानाच. पूर्ण वाढली की ती सुरळी पाण्याच्या वर चुडाला (भाताच्या रोपांच्या जुडीला) चिकटवून आत कोष करते, मग पाणी काढून काय फायदा, त्यामुळे तरंगत्या सुरळ्या दिसल्या त्याच दिवशी कामाला लागा.

आधी पाणी असतानाच दोघांनी दोन बांधांवरून दोरी धरून पिकावरून ओढायची, सुरळ्या खाली पडतात, मग पाणी बाहेर काढायचं आणि मोरीला जाळी किंवा जुनं फडकं लावून सुरळ्या गाळून घ्यायच्या, नाहीतर त्या वाहत जाऊन शेजारच्या खाचरात नवा संसार मांडतील. दोन-तीन दिवस पाणी नको. युरिया पण थोडा थांबवा. पीक लहान असताना पानं गेली तरी नवीन फुटवे येऊन बहुतेक वेळा सावरतं, घाबरू नका.

दाणेदार औषध घाईने टाकू नका प्लीज, कारण त्याच पाण्यात चतुर आणि टाचणीची (चतुरासारखाच पण बारीक कीटक) पिल्लं वाढतायत, मळकट रंगाची, खालचा ओठ झपकन पुढे काढून डासांच्या अळ्या पकडणारी. यांना कोष नसतो, कात टाकत टाकत मोठी होतात आणि शेवटी भाताच्या काडीवर चढून पाठ फाटून पंखवाला चतुर बाहेर येतो, तोच पुढे हवेत तुडतुडे आणि पतंग धरतो. काडीला चिकटलेल्या रिकाम्या काती दिसल्या तर समजा तुमच्या रानात राखणदार आहेत. त्यांच्यासाठी पाणी काढताना सखल कोपऱ्यात एक खड्डा भरलेला ठेवा, सुरळ्या तेवढ्या वेचून.

पाणी परत भरल्यावरही ताज्या सुरळ्या दिसायला लागल्या तर फोटो काढून सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा, औषध कुठलं आणि किती ते त्यांनाच विचारा.