दहा-बारा कामगारांचं वर्कशॉप आणि मनाचा ताण: मालकांनो, या चुका टाळा

मोठ्या कंपनीत एचआर असतो, समुपदेशक असतो. भोसरी किंवा अंबडच्या छोट्या युनिटमध्ये ऑर्डर, जीएसटी, बँकेचा हप्ता आणि माणसं, सगळं मालकच बघतो. त्या घाईत पुढच्या चुका हमखास होतात.

भाषण ठेवलं, पगाराची तारीख तशीच

10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, एखादं व्याख्यान होतं आणि विषय संपतो. पण ताण येतो कुठून? पगार कधी 5 तारखेला, कधी 18 ला. ओव्हरटाइमचा निरोप संध्याकाळी पाच वाजता. रिजेक्शन झालं, म्हणजे माल नापास होऊन परत आला, की सगळ्यांसमोर आरडाओरडा. घरभाड्याची तारीख चुकलेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून फार काही साधत नाही.

आधी हे तीन बदल करा. पगाराची तारीख ठरवा; महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्या, असं कायदाही सांगतो. ओव्हरटाइम निदान आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. चूक दाखवायची ती जॉब (बनवलेला भाग) हातात घेऊन, माणसाला बाजूला नेऊन. यात खर्च जवळपास नाही, आणि आमच्या मते कुठल्याही व्याख्यानापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

बदल दिसतो, पण त्याला आळस म्हणतात

एका दिवसाच्या वाईट मूडवरून काही ठरवू नका. माणूस एरवी कसा असतो आणि आता कसा आहे, हे ताडून बघा. वेळेवर येणारा उशिरा येऊ लागला, डबा न उघडता परत नेतो, मापात चुका वाढल्या, उचल वारंवार मागतो, चहाला सगळ्यांत बसत नाही. असं दोन आठवडे टिकलं तर बोलायलाच हवं.

बोलायचं ते एकट्याशी, पंधरा-वीस मिनिटं, फोन बाजूला ठेवून. दिसलं तेवढंच सांगा: ‘गेले पंधरा दिवस तुम्ही डबा तसाच नेताय. काही अडचण आहे का? कामावरून काढायला विचारत नाहीये.’ मग गप्प बसा. इथेच बहुतेक मालक घाई करतात आणि स्वतःच सल्ला द्यायला लागतात. ‘डिप्रेशन आलंय तुला’ असं निदान करू नका आणि ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून विषय झटकू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा नंबर कागदावर लिहून द्या. ती मोफत आहे, 24 तास चालते, मराठीतून बोलता येतं. फोन करायला ऑफिसची रिकामी खोली द्या. लेथच्या आवाजात कुणी मन मोकळं करत नाही.

जगण्यात अर्थ नाही, असं कुणी बोललं तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, रसायनं कुलपात ठेवा, त्याच्या संमतीने घरच्यांना बोलवा. धोका समोर दिसत असेल तर संमतीची वाट पाहू नका. 112 हा आपत्कालीन नंबर लावा किंवा थेट दवाखान्यात न्या.

‘समजून घ्या त्याला’ म्हणून ग्रुपवर टाकणं

हेतू चांगला असतो, पण बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचते आणि पुढे कुणीही तोंड उघडत नाही. सुपरवायझरला फक्त कामापुरतं सांगा: ‘दोन आठवडे नाइट शिफ्ट नको.’ डॉक्टरांचे कागद हजेरीच्या फाइलमध्ये लावू नका, वेगळ्या कुलपात ठेवा.

दारू सोडायची शपथ घालणं

ही चूक जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर दोन-चार दिवसांत थरथर, भास, फिट्स येऊ शकतात. त्यामुळे दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय. आपल्या भागातल्या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. पिऊन आलेल्याला पॉवर प्रेसवर उभं करू नका, आणि तसाच गाडीवर घरीही पाठवू नका.

उपचारांनंतर परत आल्या दिवशी पूर्ण शिफ्ट

नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला काहींना झोप येते, गरगरतं. म्हणून प्रेस, ग्राइंडर, फोर्कलिफ्टवर कधी बसवायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोवर पॅकिंग, तपासणी, स्टोअर अशी कामं द्या आणि तास हळूहळू वाढवा. ‘आता बरा दिसतोस, गोळ्या बंद कर’ असं मालकाने म्हणायचं नाही. गोळ्या अचानक थांबवल्या की त्रास उलटू शकतो.

मालक स्वतःला यादीत धरत नाही

मालकाची झोप बहुधा थकलेल्या बिलांनी उडते. हा ताण मनातच ठेवू नका, कागदावर आणा: कोणाकडे किती, किती दिवस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पुरवठ्याआधीच करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उत्पादक वा सेवा उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आधी लेखी आठवण पाठवा, नाहीच जमलं तर छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. त्यामुळे सगळ्यात जुन्या आणि पुन्हा ऑर्डर न देणाऱ्या देणेकऱ्यापासून सुरुवात करा.

घरखर्चासाठी स्वतःला ठरावीक पगार घ्या, म्हणजे धंद्याची प्रत्येक खोट स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, घरी सतत चिडचिड होते, अशी गत असेल तर कामगाराला दिलेला तोच 14416 स्वतः लावा.