प्लेन टायगर फुलपाखराच्या गंधावर काम करताय? आधी नराला भुरुंडी द्या

पुण्यात हे काम सोपं वाटतं. टेकडीवर रुई, रुईच्या पानाखाली अंडी. नर-मादी ओळखायला मागच्या पंखावरचे मधले काळे ठिपके पुरतात: मादीला तीन, नराला चार. हा चौथा ठिपका म्हणजे नराची गंधपिशवी. नराचं पोट हलकेच दाबलं की टोकातून दोन हेअर-पेन्सिली (गंध पसरवणारे केसांचे झुबके) बाहेर येतात. त्या कापून जीसी-एमएसला (रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राला) द्यायच्या. आणि अहवालात डॅनाइडोनचा, म्हणजे नराच्या गंधातल्या मुख्य रसायनाचा, पत्ताच नाही!

‘नर-मादीच्या गंधात फरक नाही’ असं लगेच लिहून मोकळे होऊ नका. साखरपाण्यावर नर जगतो, पण त्याचा गंध तयार होत नाही. डॅनाइडोन बनतं पायरोलिझिडिन अल्कलॉइड या वनस्पतींतल्या विषापासून, आणि नर ते फुलपाखरू झाल्यावर वाळलेल्या भुरुंडी किंवा खुळखुळा या रानवनस्पतींवरून शोषतो. रुईत ते नाही. रुईच्या चिकात असतात कार्डिनोलाइड. दोन्ही विषं, दोन्ही कडू, म्हणून गल्लत होते. अळी रुई खाऊन कितीही गुबगुबीत होवो, डॅनाइडोनसाठी ती रुई कामाची नाही.

भुरुंडी दिली तरी सापळा संपत नाही. प्लेन टायगरचा नर हेअर-पेन्सिल पंखावरच्या पिशवीत घालतो; हा स्पर्श झाल्याशिवाय डॅनाइडोन बनत नाही. त्यामुळे बरणीत कोंडलेल्या नराचा भरवसा धरू नका. उडायला जागा असलेला जाळीचा पिंजरा, ऊन, वाळलेली भुरुंडी आणि काही दिवस, एवढं द्याच. भुरुंडी हातमोजे घालून हाताळा, ती यकृताला घातक आहे.

एका नराच्या दोन्ही हेअर-पेन्सिलींना २०० मायक्रोलिटर डायक्लोरोमिथेन हे द्रावक आणि एक तास पुरतो. टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची काचेचीच कुपी घ्या. प्लास्टिकमधून थॅलेट (प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं) उतरतात आणि आलेखात त्यांचंच शिखर सगळ्यांत उंच दिसतं. मे महिन्यात द्रावक बघता बघता उडतं, म्हणून अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घालायचं माहीत रसायन) सुरुवातीलाच घाला. नुसतं द्रावक भरलेली एक कुपीही सोबत चालवा.

मादी कोषातून निघाली त्याच दिवशी वेगळी करा. बाहेरून पकडलेली मादी नको. मिलनात नराची रसायनं तिच्याकडे जातात. युरोपातल्या पिएरिस नापी या पांढऱ्या फुलपाखरात नर मादीला मेथिल सॅलिसिलेट देतो, त्या वासाने पुढचे नर तिला टाळतात. असा नमुना ‘मादीचा गंध’ म्हणून मांडलात तर सगळंच उलटं होईल.

यंत्राच्या संदर्भ-लायब्ररीत ९० टक्के जुळलं म्हणजे ओळख पटली, असं म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचं ऐकू नका. डॅनाइडोनचा १३५ वस्तुमानाचा रेणू-आयन बघा, अल्केन मालिकेवरून धारण-निर्देशांक (रसायन यंत्रातून कधी बाहेर पडतं ते सांगणारा आकडा) काढा, जमलं तर शुद्ध डॅनाइडोन शेजारी चालवा. चांगला मार्गदर्शक आलेख उघडण्याआधी विचारतो, ‘नराने काय खाल्लं होतं?’

घाबरून जाऊ नका. अमेरिकेतल्या क्वीन फुलपाखरांवर प्लिस्के आणि आयझनर या संशोधकांनी १९६९ मध्ये डॅनाइडोन नसलेल्या नरांकडूनच बरंच शिकून घेतलं: असे नर प्रणयात कमी यशस्वी ठरले. तेव्हा तो पहिला कोरा आलेख फेकू नका. त्यावर तारीख घाला आणि ‘भुरुंडी न दिलेला गट’ असं लिहून ठेवा.