फ्रीज 'कट्' वाजला की काय करायचं

सोलापुरात पारा चाळिशीपुढे गेला की माझा फोन वाजायला लागतो. "फ्रीज आवाज करतोय, गॅस संपला का?" बहुतेक वेळा फ्रीज ठणठणीत असतो. बाहेर ४२ अंश असताना आतलं ४ अंशांवर ठेवायचं, तर कॉम्प्रेसरला जास्त वेळ राबावं लागतं. आणि गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे आणि ते थंडाव्यावरून कळतं. नुसता आवाज ऐकून गॅस भरायला सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

रात्री घर निजल्यावर ऐका. वरचे डबे-बाटल्या काढा, पाये समतल करा, भिंतीपासून थोडा सरकवा. निम्मी खडखड तिथेच जाते. आवाज दाबायला खाली-मागे चादर कोंबायची नाही, उष्णता बाहेर पडायला वाट लागते.

खळखळ किंवा सुस्कारा म्हणजे नळीतून जाणारा गॅस. तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखी चुरचुर म्हणजे डिफ्रॉस्टच्या, म्हणजे आतला बर्फ वितळवणाऱ्या, हीटरवर पडलेलं वितळलेलं पाणी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तासन् तास बारीक गुणगुणतो, त्याचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून सूरही बदलतो. हे सगळं ठीक.

खरी फसगत 'कट्' या आवाजाची. शिकाऊ असताना जुळे सोलापुरातल्या एका घरी मी हा आवाज ऐकून कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे तो सुरू करून देणारा स्विच, बदलला. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. मग संध्याकाळी तासभर तिथेच बसून राहिलो. प्रत्येक 'कट्' बरोबर फ्रीजमागच्या स्टॅबिलायझरवरचा आकडा बदलत होता! व्होल्टेज खाली-वर होत होतं आणि स्टॅबिलायझर आपलं काम करत होता. त्या काकूंना रिलेचे पैसे परत दिले. तेव्हापासून आवाज कुठून येतो हे पक्कं झाल्याशिवाय मी स्क्रू काढत नाही.

तुम्हीही तसंच करा. आधी स्टॅबिलायझरच्या खोक्यावर हात ठेवून थांबा. 'कट्' तिथेच जाणवला तर फ्रीजचा दोष नाही. आवाज फ्रीजच्या आतून, एकटाच, अवेळी आला आणि आधीची गुणगुण तशीच राहिली, तर गार-गरम होताना आतलं प्लास्टिक तडकल्यासारखं वाजतंय. तेही सोडून द्या.

तिसरा प्रकार मात्र गंभीर. मागून, खालच्या बाजूने काही सेकंद दबलेली घुरघुर, मग 'कट्', मग शांतता. काही मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जपणारा स्विच, त्याची वीज तोडतोय. जुन्या, साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये हे जास्त दिसतं. लगेच स्विच बंद करा. लोक दर मिनिटाला चालू-बंद करून बघतात, कृपा करून ते करू नका. नळ्यांतला दाब सारखा व्हायला वेळ लागतो, त्याआधी जोर लावला तर कॉम्प्रेसरच्या मोटरमधलं तारांचं वाइंडिंग जळू शकतं. निदान पाच मिनिटं थांबा, व्होल्टेज बघा, एकदाच चालू करा. पुन्हा 'कट्' झालं तर बंदच ठेवून मेकॅनिकला बोलवा. कॉम्प्रेसरला हात लावू नका, चटका बसतो.

फ्रीजरमधून घासल्याचा आवाज येत असेल तर दार उघडा. बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये दार उघडताच आतला पंखा थांबतो. आवाजही थांबला तर पंख्याला बर्फ लागत असणार. सगळं काढून, फ्रीज बंद करून, दार उघडं ठेवून बर्फ वितळू द्या. सुरी लावायची नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या मागावर काम करणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही. माग खडखडतो याची त्यांना काळजी नसते, लय बदलली की ते उठतात. फ्रीजचंही तसंच ऐका. शंका आलीच तर मोबाईलवर दोन-तीन फेऱ्या रेकॉर्ड करा आणि दोन 'कट्'मध्ये किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. मेकॅनिक घरी येतो तेव्हा फ्रीज हटकून गप्प असतो.